यंत्राचं पित्त

भिलाईतल्या खुर्सीपारच्या त्या समाजभवनात दर गुरुवारी लोक आपापली यंत्रं घेऊन येत. टॉवेलात गुंडाळलेले लॅपटॉप, पिशवीतले मिक्सर, कुणाच्या खांद्यावर इन्व्हर्टर. त्या गुरुवारी तर एका फोटो स्टुडिओवाल्यानं अख्खा कॉम्प्युटर हातगाडीवर घालून आणला होता. दारात चपला काढायच्या, यंत्राला कुंकू लावून घ्यायचं आणि नंबर येईपर्यंत टाळ्या वाजवत भजन म्हणायचं. मी सदुसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे दुखतात. खुर्ची मिळाली नाही म्हणून भिंतीला टेकून उभा होतो आणि असल्या ठिकाणी आपण आयुष्यात कितव्यांदा उभे आहोत ते आठवत होतो. आठवेना.

मंचावर थंडेश्वर महाराज बसले होते. मूळ नाव पंजाबराव. दहा वर्षांपूर्वी ते घरोघरी जाऊन कूलर दुरुस्त करायचे. आता पांढरी कफनी, कपाळावर चंदनाचे आडवे पट्टे आणि समोर संगमरवराची एक लादी, तिला म्हणायचं ‘शीतशिळा’.

“यंत्र म्हणजे काय?” महाराजांनी माइक ओठांशी धरला. “यंत्र म्हणजे माणसाचा भाऊ. माणसाले पित्त होते, तर यंत्राले नाई होनार? कंपनीवाला क्या बोलता है? पंखा खराब, बदली करा. अरे बाबू, ताप आलेल्या पोराले तुम्ही पंख्याखाली बसवता काय? नाई न? लेप लावता! तसाच यंत्राले लेप लागते. लेप!”

“लेप!” सभागृह ओरडलं.

“यंत्रातला अग्नी कोन शांत करन?”

“थंडेश्वर महाराज!”

माझ्या शेजारी तुळसाबाई उभ्या होत्या. भिलाई-३ ला आमची घरं एका भिंतीची. त्यांनी दोन्ही हात जोडले होते आणि त्यांची मुलगी मोना छातीशी लॅपटॉप धरून नंबरची वाट पाहत होती. मोनानं आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आहे. रायपूरच्या एका ऑफिसनं तिला एक महिना पारखायला घेतलं होतं. घरी बसून लोखंडी शेडचं मॉडेल कॉम्प्युटरवर उभं करायचं, महिना भरला की स्क्रीनवर साहेबांना दाखवायचं, पसंत पडलं तर नोकरी पक्की. नाही पडलं तर तिच्या मामानं बालाघाटकडचं एक स्थळ पाहूनच ठेवलं होतं. तिनं ते नको म्हटलं होतं आणि तिच्या नको म्हणण्याला आता एवढा एकच आधार उरला होता. आणि नेमका तिचा लॅपटॉप तापून बंद पडत होता.

मोनाचा नंबर आला. महाराजांच्या शिष्यानं लॅपटॉप सुरू करून पडद्यावर आकडा दाखवला. आतल्या चिपचं तापमान, शहाण्णव. बायकांनी गालांना हात लावले. मग लॅपटॉप पडद्यामागच्या ‘गाभाऱ्यात’ गेला. आत घंटा, बाहेर भजन. पंचवीस मिनिटांनी शिष्यानं तो बाहेर आणून शीतशिळेवर ठेवला. आकडा अठ्ठावन्न!

जयजयकार झाला. तुळसाबाईंचे डोळे भरून आले. मोनानं हात लावून पाहिलं आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “काका, सच में थंडा हो गया.”

मी काही बोललो नाही. त्याचं कारण सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. या लॅपटॉपला महाराजांच्या आधी माझा हात लागला होता.

मी रेल्वेच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये एकतीस वर्षं काढली. इंजिनाच्या पोटात हाताच्या पंजाएवढे पॉवरचे भाग असतात, ते तापतात, आणि त्यांची उष्णता ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात उतरावी म्हणून मध्ये पांढरी पेस्ट लावतात. धातूचे दोन पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात बारीक खड्डे असतात. खड्ड्यात हवा बसते आणि हवा उष्णता पुढे जाऊ देत नाही. पेस्ट ते खड्डे बुजवते, बस एवढंच तिचं काम. लॅपटॉपमध्येही चिप आणि तांब्याच्या नळीच्या मध्ये हीच गोष्ट असते. मे महिन्यात मोनाचा लॅपटॉप तापू लागला तेव्हा मी मोठ्या ऐटीत कपाटातून शेडची ट्यूब काढली आणि लावून दिली. दोन महिने बरं चाललं. ऑगस्टमध्ये आधीपेक्षा जास्त तापू लागला. मोहल्ल्यात बोललं जाऊ लागलं की देवाला न मानणाऱ्याचा हात लागला, मग काय होणार. मला वाटलं, लॅपटॉपच जुना आहे. तसं वाटणं मला सोयीचंही होतं.

तीस वर्षं मी भोंदूगिरी उघडी पाडायचं काम केलं आहे. अंगात येणाऱ्या बाईला गोड बोलून बसवलं, गुप्तधनासाठी खणलेल्या खड्ड्यात उतरून आदल्या रात्री पुरलेला हंडा दाखवला, शाळांमधून नारळातून धूर काढून दाखवला. लोक टाळ्या वाजवतात. घरी जातात. पुढच्या अमावास्येला पुन्हा लिंबू बांधतात. माणूस थकतो. मीही थकलो होतो आणि गेल्या काही वर्षांपासून ‘जाऊ दे’ हे दोन शब्द माझ्या तोंडी बसले होते.

पुढचे दिवस मोनाचा लॅपटॉप थंड होता. अगदी शांत, पंख्याचा आवाजसुद्धा नाही. फक्त काम होईना. ती मॉडेल फिरवायला माऊस हलवायची, उठून चहा गाळून आणायची, तेव्हा कुठे ते फिरायचं. तिला वाटलं आपली फाइल जड झाली. तुळसाबाई म्हणाल्या, “आजारातून उठलेलं यंत्र हाय, जोर कायले लावतेस?” आठवड्याच्या आत आकडा पुन्हा चढला. पुढच्या गुरुवारी दुसरा लेप झाला. तो चार दिवसही टिकला नाही.

सोमवारी संध्याकाळी मोना लॅपटॉप घेऊन माझ्या घरी आली. दिवसभरात तीनदा बंद पडला होता आणि बुधवारी सकाळी दहा वाजता तिला मॉडेल दाखवायचं होतं.

“काका, हे पाहा न,” ती म्हणाली. “पॉवरच्या सेटिंगमध्ये प्रोसेसर जास्तीत जास्त किती चालू द्याचा ते असते. माह्यं शंभरवर होतं. हे चाळीसवर कोनं ठेवलं?”

“तू कधी हलवलं?”

“मैंने तो छुआ भी नहीं. शंभरच राहते ते.”

मला तो गुरुवार आठवला. गाभारा, घंटा, पंचवीस मिनिटं. इंजिनाला अर्ध्याहून कमी जोरानं चालवलं तर ते थंडच राहणार, त्यात महाराज कशाला हवेत? मोनानं आकडा पुन्हा शंभरवर नेला. पंखा घोंघावला आणि पाचव्या मिनिटाला लॅपटॉप पटकन बंद झाला.

“म्हणजे आतूनही काहीतरी झालं आहे,” मी म्हटलं. “उघडू आपण. थांब, पेस्ट आहे माझ्याकडे.”

मी कपाटातून तीच ट्यूब काढली. तिनं ती हातात घेतली, टोपण काढलं आणि कागदावर दाबली. आधी पिवळं तेल आलं, मग रव्यासारखे दाणे. तिनं ट्यूब उलटी करून दिव्याखाली धरली. तिच्यावर छापलेलं साल अठरा वर्षांपूर्वीचं होतं.

“काका,” तिनं अगदी सांभाळून विचारलं, “मे में यही लगाया था?”

“हो.”

तिनं टोपण लावून ट्यूब माझ्या हातात परत दिली. बोलली असती तर बरं झालं असतं. भिलाईत आम्हा लोकांची एक जुनी खोड आहे. पोलादाच्या प्लांटमधून निघालेली वस्तू, शेडमधून आलेली वस्तू म्हणजे आयुष्यभराची. प्लांटच्या पत्र्याची बादली, शेडचं ग्रीस, रेल्वेचं कुलूप. त्यावर तारीख असू शकते हे आमच्या मनातच येत नाही. मी शाळांमधून मुलांना सांगत फिरलो की तपासल्याशिवाय मानू नका, आणि ‘शेडचा माल’ म्हणून न तपासलेली वाळकी पेस्ट एका पोरीच्या नोकरीवर फासली. अंधश्रद्धा आणखी काय निराळी असते?

मंगळवारी सकाळी मोना सिविक सेंटरच्या बाजारात जाऊन नवी ट्यूब घेऊन आली. दुकानदारानं तिला एक महागडी, पाऱ्यासारखी पातळ धातूची पेस्टही दाखवली होती. तिनं ती घेतली नव्हती. “ती करंट नेते काका. एक थेंब बाजूले सांडला तर बोर्डच खतम. आणि ॲल्युमिनियम असेल तर त्याले खाऊन टाकते. हे साधं राखाडीवालं घेतलं, करंट नेत नाई, आणि साल पाहून घेतलं.” साल पाहून घेतलं हे तिनं मला टोचायला म्हटलं नव्हतं. तरी टोचलं.

पण मंगळवार हा विश्वकर्मा पूजेचा दिवस होता.

बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल. भिलाईत गणपतीइतकाच हा दिवस मोठा. लेथ, ड्रिल, वेल्डिंगचं मशीन, पाने, पक्कड, सगळं धुऊन पुसून मांडायचं, हळदकुंकू, फुलं, उदबत्ती, आणि दिवसभर एकाही अवजाराला हात लावायचा नाही. आमच्या गल्लीत रूपेशच्या वेल्डिंगच्या दुकानापुढे मांडव होता. मोनाचा लॅपटॉपही तुळसाबाईंनी सकाळीच नेऊन मूर्तीपुढे ठेवला होता. किबोर्डवर अक्षता, उदबत्ती नेमकी पंख्याच्या जाळीशेजारी.

“आई, मले तो पाहिजे,” मोना मांडवात जाऊन म्हणाली. “उघडायचा हाय.”

“आज?” तुळसाबाई उभ्याच राहिल्या. “आज नाई. आज अवजाराले हात लावाचा नाई.”

“उद्या दहा वाजता दाखवायचं हाय आई. आज नाई उघडला तर मग काय करू?”

“तुह्या बापानं आजच्याच दिवशी पाना उचलला होता,” तुळसाबाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण मांडवभर ऐकू गेला. “दिवाळी नाई पाहिली त्यानं. तुले माहीत नाई काय?”

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मोनाचे वडील बळीराम ठेकेदाराकडे फिटर होते. विश्वकर्म्याच्या दिवशी कन्व्हेयरचा पट्टा तुटला म्हणून त्यांना बोलावणं आलं आणि ते गेले. त्यानंतर दीड महिन्यानं वारले. तुळसाबाईंनी त्या दिवशी स्वतः डबा भरून दिला होता. त्यानंतर आठ वर्षं त्या घरात विश्वकर्म्याच्या दिवशी विळीसुद्धा उघडली गेली नाही.

आणि त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. रूपेशनं प्रमुख पाहुणे म्हणून थंडेश्वर महाराजांना बोलावलं होतं. हार झाले, पाया पडणं झालं. महाराजांनी कुजबुज ऐकली, लॅपटॉपकडे पाहिलं आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं.

“या यंत्राले आधी कोनं हात लावला होता?”

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

“बस!” महाराजांनी डोळे मिटले. “नास्तिकाच्या हाताचा दोष हाय. लेप टिकन कसा? दोन लेप मी दिले, भीतर से दोष लेप को खा गया. गुरुवारी आना बेटी, महालेप करना पडेगा.”

“गुरुवारी उशीर होते महाराज,” मोना म्हणाली. “आताच लावून द्या न. इथंच, सर्वांच्या समोर.”

“आज अवजार चालत नाई.”

“पर आप तो औजार से करते ही नहीं न? तुम्हीच सांगता, हाताच्या शक्तीनं होते.”

मागून कुणीतरी हसलं. महाराजांनी डोळे उघडले. “देवाच्या दिवशी देवाची परीक्षा? श्रद्धा में खोट है बेटी. तुझी आई समजदार हाय, तिले विचार.”

इथे मला बोलायला हवं होतं आणि खरं सांगतो, बोलावंसं वाटत नव्हतं. बसायला खुर्ची मिळाली होती, बुंदीचा द्रोण हातात होता, आणि ‘जाऊ दे’ जिभेवरच होतं. पण मोना माझ्याकडे पाहत होती. आदल्या संध्याकाळी जी पोर मला एक शब्द टाकून बोलली नव्हती, तिच्या नजरेपुढे मला बसून राहवेना.

“महाराज म्हणतात ते अर्धं खरं आहे,” मी उठून म्हटलं. “दोष माझाच. पण हाताचा नाही, ट्यूबचा. अठरा वर्षांची वाळलेली पेस्ट मी न पाहता लावली. शेडची आहे म्हणजे चांगलीच असणार, असं धरून चाललो. ही पाहा.” मी खिशातून ती ट्यूब काढून दाबून दाखवली. पिवळं तेल बोटावर आलं. लोक हसले. हसू दिलं. “आता मी माझी चूक उघडी केली. महाराजांनी त्यांची करावी. लॅपटॉप त्यांच्या गाभाऱ्यातून आला तेव्हा त्याचा जोर शंभराचा चाळीस करून ठेवलेला होता. मोनानं तो काल पाहिला. जोर कमी केला म्हणून तो थंड होता, म्हणूनच काम करत नव्हता.”

“झूठ!” शिष्य ओरडला.

“मंग उघडून पाहू. आत काय आहे ते सर्वांना दिसेल.”

“आज नाई!” तुळसाबाई पुन्हा म्हणाल्या. त्यांचे हात लॅपटॉपवर होते.

मी त्यांच्याजवळ गेलो. “वहिनी, एक विचारतो. आज प्लांटची भट्टी कोणी थंडी केली काय?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न भिलाईत कुणालाही समजतो. भट्टी बंद करता येत नाही. ती बंद केली तर आतलं लोखंड गोठतं आणि भट्टीच कामातून जाते. दिवाळी असो, विश्वकर्मा असो, कोणीतरी ड्यूटीवर असतंच.

“माहा भाऊ कोक ओव्हनच्या भट्टीवर हाय आता,” रूपेश मध्येच बोलून गेला. “पहिल्या पाळीत.”

“आणि मालगाड्या? सकाळपासून तुमच्या घरामागून किती गेल्या? त्यांचे ब्रेक तपासणाऱ्याच्या हातात काय असतं, फूल?” मी हळू बोलत होतो, भांडायचा जोर माझ्यात नव्हता. “बळीराम त्या दिवशी एकटा गेला होता काय?”

“नाई,” तुळसाबाई म्हणाल्या. “त्याच्यासंगं अकरा लोक होते.”

“पाना त्या सगळ्यांनी धरला?”

मांडवाच्या कोपऱ्यात पत्रावळ घेऊन बसलेल्या रामाजींनी मान वर केली. म्हातारे खलाशी, म्हणजे फिटरचे मदतनीस, आता दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले.

“मी होतो न वहिनी,” ते म्हणाले. “अकरातला मी एक. रात्री आठपर्यंत पट्टा जोडला आमी. सारे हायेत. एक जन गावाले गेला, तिथं मजेत हाय. बळीरामच गेला फक्त.”

तुळसाबाईंनी रामाजींकडे वळून पाहिलं. आठ वर्षांत हा माणूस त्यांना रस्त्यात शेकडो वेळा भेटला असेल. मग त्यांनी लॅपटॉपवरच्या अक्षता पदरानं झटकल्या, रूपेशनं मूर्तीपुढे मांडलेल्या अवजारांमधून बारीक पेचकस उचलला आणि मोनाच्या हातात दिला.

“उघड,” त्या म्हणाल्या. “काय होते ते माह्यावर.”

मोनानं मांडवातल्या टेबलावर कोरा कागद पसरला. लॅपटॉप पूर्ण बंद होता, चार्जर नव्हता, तरी तिनं आधी वेल्डिंगच्या मशीनच्या अर्थिंगच्या पट्टीला हात लावला, म्हणजे अंगातली स्थिर वीज बोर्डावर उतरायला नको. मागचे स्क्रू काढून ज्या जागेचा त्या जागेवर कागदावर मांडले. झाकण निघाल्याबरोबर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला. मे महिन्यात मी हे केलं नव्हतं, बटण बंद म्हणजे वीज बंद असं धरून चाललो होतो. माझं नशीब, दुसरं काय. मग तांब्याच्या नळीचे स्क्रू तिनं छापलेल्या क्रमानं थोडे थोडे सैल केले आणि ती नळी अलगद उचलली.

“या, पाहा,” ती म्हणाली.

माणसं वाकली. चिपवर चंदन आणि राखेचा थर होता, उन्हाळ्यातल्या तळ्यासारखा भेगाळलेला. बोट लावलं तर पापुद्रे निघाले. गुलाबपाण्याचा वास अजून येत होता. शेजारच्या छोट्या चिपवर माझी पिवळी पडलेली पेस्ट, खडूसारखी. आणि पंख्याच्या जाळीत कुंकू, उदबत्तीची काजळी, तांदळाचे चार दाणे.

“ओला होता तोवर लेपानं उष्णता नेली,” मी म्हटलं. “पाणी खड्ड्यात बसतं. चिपच्या उष्णतेनं पाणी उडालं, राख उरली, मध्ये हवा शिरली. म्हणून दर गुरुवारी या, पुन्हा लावा. आणि ओली राख वीजही नेते. हा बोर्ड जळला नाही ही नशिबाची गोष्ट. वर जोर चाळीसवर आणि खाली थंड लादी. एवढाच चमत्कार.”

मी महाराजांकडे पाहिलं तर त्यांची खुर्ची रिकामी होती. हार खुर्चीवर राहिला होता. रूपेश गाडीमागे दोन पावलं गेला आणि परत आला.

मोनाचं लक्ष तिकडे नव्हतं. तिनं मऊ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन दोन्ही चिपा आणि तांबं आरशासारखं होईस्तोवर पुसलं. पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवलं आणि ब्रशनं जाळी साफ केली. नव्या पेस्टचा तांदळाएवढा ठिपका मधोमध, लहान चिपवर त्याहून छोटा. मी “एवढंच?” असं म्हणालो, तर म्हणाली, “जास्त लावली तर बाहेर येते काका. इंजिन नाई हे.” नळी सरळ खाली बसवली, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळले, शेवटी बॅटरी जोडली. शंभर जोरावर अर्धा तास मॉडेल फिरवलं. आकडा अठ्ठ्याहत्तरला जाऊन थांबला आणि लॅपटॉप बंद पडला नाही. पंखा आवाज करत होता, कारण तो काम करत होता.

बुधवारी दहाला मी आणि तुळसाबाई पडद्याआड बसून ऐकत होतो. साहेब हिंदीत विचारत होते, मोना शेड फिरवून खांब आणि जोड दाखवत होती. चाळीस मिनिटं. शेवटी साहेब म्हणाले, “ठीक है, एक तारीख से जॉइन कर लीजिए.” मोना हसतच स्वयंपाकघरात पळाली. मामाला फोन करून तिनं पहिलं वाक्य काय म्हटलं ते मी इथे लिहीत नाही.

तुळसाबाई मात्र बसूनच राहिल्या.

“दिवाकरभाऊ,” त्या म्हणाल्या, “काल अवजार उचललं, काही झालं नाई.”

“नाही होत वहिनी.”

“मंग ते कायले गेले?”

मी तीस वर्षं भोंदूंचे डाव उघडे केले, पण असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. शाप होता तोवर दोष शापाचा होता. आता शाप नाही म्हटल्यावर त्यांना खरं उत्तर हवं होतं आणि ते देणं माझ्यावर आलं होतं.

“कावीळ झाली होती त्यांना,” मी म्हटलं. “डोळे पिवळे झाले होते. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता.”

“काविळीची माळ बांधली होती आमी,” त्या म्हणाल्या. “डोक्यावर. माळ वाढत वाढत गळ्यात आली का कावीळ उतरते म्हने. बारा दिवस वाट पाहिली. माळ तर वाढली होती भाऊ.”

“ती माळ सैलच गुंफलेली असते वहिनी. गाठी सुटत जातात तशी ती आपोआप लांब होते. कुणाच्याही डोक्यावर होते.”

“तुमाले माहीत होतं?”

“हो.”

“तवा?”

“तेव्हाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर मला सोसलं असतं. त्या फक्त समजून घ्यायचा प्रयत्न करत होत्या.

“मंग तुम्ही कावून नाई बोलले?”

बळीरामच्या आजाराच्या आदल्याच वर्षी गल्लीत एका अंगात येणाऱ्या देवीवरून मी बोललो होतो, भांडण झालं होतं, महिनाभर कोणी माझ्याशी बोललं नव्हतं. मी कुंपणापलीकडून बळीरामच्या डोक्यावरची माळ रोज पाहत होतो. रोज वाटायचं, जाऊन सांगावं. रोज म्हणायचो, जाऊ दे. मी त्यांना हे सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. वेळेवर नेलं असतं तर तो वाचलाच असता असं मी म्हणालो नाही, कारण ते कुणालाच माहीत नाही. त्या ऐकत राहिल्या आणि मग उठून आत गेल्या. आठ दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. नवव्या दिवशी त्यांनी भिंतीवरून हाक मारली. त्यांच्या भाचीच्या पोराला कावीळ झाली होती आणि कुठल्या दवाखान्यात न्यायचं ते त्या विचारत होत्या.

म्हणून वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. चमत्कार दाखवणाऱ्याला पडदा बाजूला करायला सांगा. आपल्या हातातल्या ट्यूबवरचं साल पाहा, ती कितीही मोठ्या शेडमधून आलेली असो. आणि तुम्हाला एखादी गोष्ट माहीत असेल, शेजारच्या घरात माणूस पिवळा पडत असेल, तर कंटाळा आला असला, भांडण होणार असलं, तरी त्याच दिवशी जाऊन सांगा. मी सांगितलं नाही.